शेंदराचा पहिला हात

अब्बा, त्या जबाबातलं तिसरं वाक्य चुकीचं आहे. "सकाळी उठून पाहिलं तर बाकावर झेंडूची फुलं होती," असं मी सांगितलं आणि तुम्ही ते तुमच्या हाताने लिहून घेतलंत. फुलं सकाळी बाकावर होती हे खरं आहे. पण ती मला उठल्यावर दिसली असं नाही. ती तिथे असणार हे मला आधीच ठाऊक होतं, कारण आदल्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, ती मीच ठेवली होती. सात फुलं होती. जबाबातली बाकीची वाक्यं मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा तपासली आहेत. फुलं बागेतली होती, हे खरं. बागेच्या फाटकाची किल्ली माळीआप्पांकडे असायची, हे खरं. त्या संध्याकाळी आप्पा झाडांना पाणी घालून गेले, हेही खरं. खोटं असं एकच वाक्य होतं, आणि तेही निम्मंच. त्या निम्म्यावर आप्पांची नोकरी गेली. आणि तुम्ही गेलात तेव्हाही फुलं आप्पांनीच ठेवली, असंच तुम्हाला वाटत होतं.

मी मराठीत लिहिते आहे. घरी आपण दखनी उर्दूत बोलायचो, अम्मी अजून तशीच बोलते, पण अक्षरं तुम्ही मला मराठीच आधी शिकवलीत, कारण शिरूरच्या त्या सरकारी बंगल्याचं रजिस्टर मराठीत होतं आणि तुम्ही तिथले खानसामा. साहेब लोक उतरायला आले की स्वयंपाक तुमचा, आणि ते नसतील तेव्हा टेबलं, खुर्च्या, पलंग, कपाटं सगळं तुमच्या ताब्यात. शाळेत नाव घालायच्या आधी दोन वर्षं माझी पाटी म्हणजे मागच्या पडवीतलं शहाबादी फरशीचं टेबल होतं. सकाळी ते पुसून झालं की तुम्ही ओल्या बोटाने एक अक्षर काढायचात. ते वाळून नाहीसं व्हायच्या आत मी शेजारी तसंच काढायचं. उन्हाळ्यात अक्षर फार लवकर वाळायचं. मी घाबरून घाईघाईने काढायचे आणि वाकडं यायचं. तुम्ही म्हणायचात, "वाळू दे. दुसरं काढू. फरशी कुठे पळत नाही."

कामही मी असंच शिकले, तुमच्या मागे मागे फिरून. सागवानी खुर्च्यांना नुसत्या पाण्याचं फडकं लावायचं नाही, घट्ट पिळून पुसायचं आणि लगेच कोरड्याने. जेवणाच्या टेबलावर कोणी गरम कप ठेवून गेलं की लाखेच्या पॉलिशवर पांढरं वर्तुळ उठायचं, त्यावर चाळलेली राख आणि खोबरेल बोटाने चोळायचं, जोर न देता. तोंड धुवायच्या संगमरवरी टेबलाला लिंबू किंवा चिंच कधी लागू द्यायची नाही, दगड खाल्ला जातो, तिथे फक्त रिठ्याचं पाणी. चिंच पितळी कड्यांना. नवारीचे पलंग उन्हात उभे करून सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, म्हणजे पुण्याच्या साहेबांबरोबर आलेले ढेकूण शिरूरचे होत नाहीत. हे तुम्ही म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. वेताची बैठक लोंबायला लागली तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने मिठाचं गरम पाणी लावायचं आणि सावलीत वाळवायची. वेत स्वतःच ओढून घट्ट होतो. एकदा मी लवकर व्हावं म्हणून खुर्ची उन्हात ठेवली आणि वेत तडकला. तुम्ही ओरडला नाहीत. मला जवळ बोलावून तडकलेल्या जागेवरून माझं बोट फिरवलंत आणि म्हणालात, "कळलं?" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुम्ही ओरडला असता तर गेलं असतं.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही कडक होतात. डाग निघाला नाही तर निघाला नाही म्हणून सांगायचं, त्याच्यावरून पॉलिश मारायचं नाही. तुमच्या हाताखाली आलेल्या एका सुताराने कपाटावरच्या शाईच्या डागावर गडद पॉलिश फिरवलं, तेव्हा तुम्ही त्याला ते पूर्ण खरवडायला लावलंत.

बाक तर तुम्हाला आठवतच असेल. आवारात उंबराखाली होता, लोखंडी, पाठीला वेलबुट्टी. तीन पावसाळ्यांत गंजून त्याचे पापुद्रे निघायला लागले होते आणि ओव्हरसियर साहेब पाहणीला येणार होते. तुम्ही रॉकेलने तो धुतलात, विटेची भुकटी आणि पॉलिश पेपर घेऊन आपण दोघांनी दोन दिवस घासला. वेलबुट्टीत माझी बोटं जायची, तुमची नाही, म्हणून ती माझ्याकडे होती. मग तुम्ही अळशीच्या तेलात शेंदूर कालवलात. लोखंडाला आधी शेंदराचा हात द्यायचा, तो पक्का वाळला की वरून हिरव्या रंगाचे दोन हात, म्हणजे गंज परत येत नाही. एवढा सुंदर केशरी बाक मी कधी पाहिला नव्हता. हिरवा रंग पुण्याहून रेल्वेने दौंडला यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तो सोडवून आणायला एस.टी.ने निघालात. निघताना म्हणालात, "यावर कोणाला बसू देऊ नको. बोटाचा ठसा जरी उठला तरी पुन्हा घासावं लागेल."

दौंडला पार्सल आलंच नव्हतं आणि तुम्ही मामूंच्या घरी दोन दिवस अडकलात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की तुम्ही आला नाहीत आणि बाक माझ्याकडे आहे. मी दहा वर्षांची आहे. बाजाराचा दिवस आहे, आणि बाजाराची माणसं आपल्या आवारातून आडवाटेने जातात आणि उंबराखाली टेकतात. सकाळपासून मी बाकापाशी उभी आहे. येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, बाक ओला आहे. त्यावर प्रत्येक जण तो खरंच ओला आहे का हे बोट लावून पाहतो. दुपारी मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात एक आबा बसले आणि उठले तेव्हा धोतराला मागे दोन केशरी पट्टे.

"अगं पोरी, आधी न्हाई का सांगायचं?"

"सकाळपासून सांगतेय, आबा."

"मला कुठं सांगितलंस? आता घरी जाऊन म्हातारीला काय सांगू, कुठं बसून आलो म्हून?"

बाकीचे हसले. आबाही हसले. मी मात्र शेंदराचा डबा आणून तेवढी जागा पुन्हा सारखी केली आणि रडले, कारण माझा हात तुमच्यासारखा सरळ बसला नव्हता. संध्याकाळपर्यंत मी आठ ठसे मोजले, तेही हात फिरवून बुजवले. मग मला नदीच्या उताराजवळचा तो दगड आठवला. बसायला अगदी बाकाच्या उंचीचा, पण त्याला शेंदूर आहे, म्हणून त्याच्यावर कोणी बसत नाही. चपला घालून जवळसुद्धा जात नाही. बागेचं फाटक उघडं होतं, मी वाफ्यातली सात फुलं तोडली आणि बाकाच्या मधोमध ओळीने ठेवली. आप्पा तेव्हा पलीकडे गुलाबांना पाणी घालत होते, त्यांची माझ्याकडे पाठ होती. मला कोणाची थट्टा करायची नव्हती, अब्बा. मला कोणी बसायला नको होतं. तेवढंच.

आणि कोणी बसलं नाही. सकाळी फुलांशेजारी हळदकुंकू होतं. दुपारी नारळ फुटला. तुम्ही त्याच्या दुसऱ्या दिवशी हिरव्या रंगाचे दोन डबे घेऊन फाटकातून आत आलात तेव्हा उंबराखाली पाच-सहा बायका होत्या आणि नदीकडच्या आळीतली मावशी बाकाला पदर लावून पाया पडत होती. तुम्ही तिथेच थांबलात. डबे खाली ठेवलेत, पण हळूच, जणू काही ते दिसायला नकोत.

"मावशी, हा बाक हाय," तुम्ही म्हणालात. "सरकारी बाक. शेंदूर म्या मारलाय, गंज लागू नये म्हून."

"आसंल की. दगुड बी आधी दगुडच आसतो. म्हसोबाला यायचं हुतं, आला. आता ह्याला हात लावू नगा, खानसामे."

"वरनं हिरवा रंग द्यायचाय."

मावशीने तुमच्याकडे पाहिलं, मग डब्यांकडे. "हिरवा?" एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण तुम्ही डबे उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवलेत आणि दाराला कडी घातलीत. शेंदराच्या देवावर बंगल्याच्या मुसलमान खानसाम्याने हिरवा रंग मारला, ही बातमी शिरूरच्या बाजारात कशी फिरेल, हे मला दहाव्या वर्षीसुद्धा समजत होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही कडी घालून वळलात आणि मी दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, "तू ठसे नाही उठू दिलेस. शाबास." मग मला सांगता आलं नाही.

ओव्हरसियर साहेब चार दिवसांनी आले. उंबराखाली गेले, तुम्हाला आणि आप्पांना समोर उभं करून मोठ्याने बोलू लागले की सरकारी मालमत्तेचा देव करायची हिंमत कोणाची झाली. बोलताना त्यांनी बूट काढून ठेवले होते. तापलेल्या जमिनीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत ते रागावत होते. आप्पा म्हणाले, "सायेब, तुमीच पहिला हात मारा की हिरव्याचा. तुमच्या मागनं आमी मारतो." साहेबांनी उलट आप्पांनाच विचारलं, "फुलं तू ठेवलीस?"

"न्हाई, सायेब. म्या ठेवली न्हाईत. ठेवल्याली दिसली तवा हात जोडलं."

"बाकाला हात जोडलेस?"

"दुसऱ्या कुणी देव मानला तर मी न्हाई म्हनणारा कोण?"

साहेब म्हणाले, तिथे कोण हजर होतं त्याचा लेखी जबाब पाहिजे, आणि हे बंगल्यातल्या माणसाचं काम असेल तर त्याला बंगला सोडावा लागेल. हजर होते ती मी. आणि बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे आपलं घर होतं. मी हे निमित्त म्हणून लिहीत नाही. तेव्हा मला काय ऐकू आलं ते तेवढं लिहिते.

तुम्ही त्याच शहाबादी टेबलावर कागद ठेवलात. मी एकेक वाक्य सांगितलं, तुम्ही लिहिलंत. मी काहीही रचलं नाही, फक्त निवडलं. झाल्यावर तुम्ही सगळं मला वाचून दाखवलंत आणि विचारलंत, "अजून काही राहिलं?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही शाईवर फुंकर घातली नाहीत, ती आपोआप वाळेपर्यंत थांबलात. बराच वेळ. मग लेखणी माझ्या हातात दिलीत. माझी पहिली सही त्या कागदावर आहे.

आप्पांची नोकरी हंगामी होती, ती त्याच महिन्यात गेली. ते त्यांच्या गावी, भांडगावला, भावाच्या शेतावर जायला निघाले तेव्हा तुम्ही आपल्या खोलीतली वेताची खुर्ची बाहेर आणलीत. ती सरकारी नव्हती, तुम्ही स्वतः विणलेली होती, घरात बसायला तेवढी एकच होती. आप्पा म्हणाले, "खानसामे, तुमच्या बाकानं माझं काम घ्येतलं आन् तुमी मला खुर्ची देता व्हय?" तुम्ही म्हणालात, "बाकावर आता कुणाला बसता येत न्हाई, आप्पा. म्हून खुर्ची." दोघं हसलात. मी खिडकीच्या आतून पाहत होते. रात्री जेवताना अम्मीने विचारलं की ज्याच्यामुळे एवढं झालं त्याला खुर्ची कशाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मनापासून केलं त्याने. त्यात वाईट काय?" मी ताटातलं संपवलं.

बाक पुढे आवारातून उपटून फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसवला. बंगल्यात नवा लाकडी बाक आला. तुम्ही जाता-येता त्या जुन्या बाकाच्या पायांवरची धूळ झटकायचात, वरच्या भागाला हात लावायचा नाहीत. दोन वर्षांनी पावसाळ्यात तुम्हाला ताप आला आणि तो उतरला नाही. मी बारा वर्षांची होते. आम्ही दौंडला मामूंकडे आलो. मधे एकदा कामासाठी शिरूरला गेले तेव्हा बाक पाहिला. त्याच्यावर आता पत्र्याचं छप्पर आहे. दरवर्षी कोणी ना कोणी तेल-शेंदराचा नवा हात देतं, त्यामुळे त्याला कुठेही गंज नाही. तुमचं एवढं एकच काम असेल जे अजून जसंच्या तसं आहे.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी खुर्च्या विणते. मामू लोको शेडमध्ये होते, त्यांच्या ओळखीने रेल्वेच्या बंगल्यांतल्या आरामखुर्च्या माझ्याकडे येऊ लागल्या, आता बाहेरच्याही येतात. वेत विणून देते, लाखेचं पॉलिशही करते, कापसाचा गोळा मलमलीत बांधून, तुमच्यासारखं. लोक म्हणतात मी फार वेळ घेते. मी प्रत्येक खुर्ची परत देण्याआधी तीनदा तपासते आणि गिऱ्हाईक गेल्यावर चौथ्यांदा मनात तपासते.

पंधरा दिवसांपूर्वी एक बाई डोक्यावर खुर्ची घेऊन दारात आली. बैठक पार फाटलेली. म्हणाली, "बंगल्यावरच्या खानसाम्याची ल्येक हितंच ऱ्हाती न्हवं? आमच्या मामंजींनी धाडलंय. म्हनले, दुसऱ्या कुणाकडं देऊ नगंस, त्याच हातचं इणून आण."

मी म्हटलं, "तो हात आता नाही."

"ठावं हाय त्यास्नी. म्हनले, पोरगी तसंच इणत आसंल."

मागच्या उजव्या पायाजवळ वेताचं टोक दोनदा फिरवून आत ओवलेली तुमची गाठ होती. मी आप्पांच्या सुनेला पाणी दिलं आणि आप्पा कसे आहेत ते विचारलं. बरे आहेत, गुडघे गेलेत, बांधावर झेंडू लावतात, म्हणाली. मग आपणहून हसत सांगू लागली, "अजून त्या बाकाचं सांगत्यात. म्हनत्यात, नोकरी गेली त्येचं काय न्हाई. पर खानसाम्यानं मला येकदा तरी इचारायचं हुतं, आप्पा, फुलं तू ठेवलीस का म्हून. सायबानं इचारलं. त्येनं न्हाई इचारलं."

मी म्हटलं, "अब्बांना वाटलं, विचारलं तर आप्पांना वाईट वाटेल."

"आसंल," ती म्हणाली. "पर न इचारता खुर्ची दिली न्हवं. म्हंजी मनातनं धरलंच हुतं की ह्यानंच ठेवली."

तुम्ही माफ केलंत, अब्बा, आणि ज्याने काही केलंच नव्हतं त्याला केलंत. तो माणूस बारा-तेरा वर्षं त्या माफीच्या खुर्चीत बसला आहे. मला आजवर वाटत होतं की माझ्या वाक्याने फक्त नोकरी गेली. नोकरी मी परत देऊ शकत नाही. पण तुम्ही त्यांना का विचारलं नाहीत हे सांगू शकते, कारण ते सांगू शकणारी आता मी एकटीच उरले आहे. कागद तुमच्या हातचा आहे, पण वाक्य माझं. ते त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं पाहिजे. ऐकून ते मला काय म्हणतील ते म्हणोत. खुर्ची परत माझ्या अंगावर टाकतील तरी चालेल, मात्र टाकणार नाहीत, आणि मला भीती त्याचीच जास्त आहे.

खुर्ची विणून झाली आहे. जुना वेत सगळा काढला, चौकटीला तेल दिलं, बैठक नव्याने भरली. तुमची गाठ तेवढी सोडली नाही. ती अजून घट्ट आहे, नवा वेत मी तिच्या शेजारून घेतला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. त्याची घडी करून ते वेताच्या पिशवीत राहील, कारण आप्पांना वाचून दाखवायला लागले तर पुन्हा वाक्यं निवडायला लागेन.

सुनेला मी सांगितलं होतं की वेत वाळला की निरोप धाडते. त्यानंतर भांडगावकडे जाणाऱ्या दूधवाल्याबरोबर दोनदा सांगून पाठवलं की अजून ओला आहे. वेत मंगळवारीच वाळला. आज शुक्रवार आहे. रविवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.च्या टपावर खुर्ची टाकून मी स्वतः भांडगावला जाणार आहे, आणि आप्पा तिच्यात बसायच्या आधी त्यांना तिसरं वाक्य सांगणार आहे.